'कोइन्सिडन्स सर्किट'ला मराठीत काय म्हणावे : योगायोग की संपात?

प्रश्न : इटालियन भौतिकशास्त्रज्ञ ब्रूनो रॉस्सी (१९०५–१९९३) यांच्यावरील एका लेखाचा अनुवाद करताना 'कोइन्सिडन्स सर्किट' ही संज्ञा वारंवार येते. कोशात 'कोइन्सिडन्स' म्हणजे 'योगायोग' असे दिले आहे, पण 'योगायोग मंडल' (मंडल म्हणजे विद्युत् परिपथ, सर्किट) हा शब्दप्रयोग खटकतो. जाणकारांनी कृपया योग्य प्रतिशब्द सुचवावा.

उत्तर : आपल्याला खटकले ते रास्तच आहे. मराठीत आपण योगायोग म्हणतो तेव्हा दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध नाही, हे त्यात गृहीत असते. रॉस्सी यांचे मंडल तर नेमका तो संबंध शोधण्यासाठीच तयार झाले होते.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वाल्टर बोटे यांनी १९२९ मध्ये दोन गायगर गणित्रांचे (भारित कण आरपार गेला की विद्युत् स्पंद देणाऱ्या नळ्यांचे) एकाच वेळी येणारे स्पंद टिपणारे मंडल प्रसिद्ध केले, परंतु त्यात दोनच गणित्रे जोडता येत. फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री येथे काम करणाऱ्या तरुण रॉस्सींनी १९३० मध्ये जी रचना मांडली तिला ही मर्यादा नव्हती. प्रत्येक गणित्रासाठी एक ट्रायोड व्हॉल्व्ह (प्रवाह चालू-बंद करू शकणारी निर्वात नळी) असे आणि सर्व व्हॉल्व्हचे धनाग्र एकत्र जोडून एकाच सामाईक रोधातून बॅटरीला जोडलेले असत. एरवी सर्व व्हॉल्व्हमधून विद्युत् प्रवाह चालू राही. गणित्रातून कण गेला की त्याचा ऋण स्पंद आपापल्या व्हॉल्व्हचा प्रवाह तोडी. पण बाकीच्यांपैकी एक जरी वाहता राहिला, तरी सामाईक बिंदूचा विद्युत् दाब फारसा वाढत नसे. सगळे व्हॉल्व्ह एकदम बंद झाले तरच तो दाब उसळी घेई आणि नोंद होई. आजच्या संगणकातील 'अँड गेट'चे (सर्व संकेत एकदम आले तरच होकार देणाऱ्या मंडलाचे) तर्कशास्त्र ते हेच, आणि इतक्या थोड्या सुट्या भागांत ते साधले याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

आता शब्दाकडे येतो. एकाखाली एक ठेवलेली गणित्रे एकाच वेळी वाजतात, कारण एकच विश्वकिरण कण (अवकाशातून येणारा वेगवान कण) त्या सर्वांतून आरपार गेलेला असतो. शिवाय दोन निरनिराळे कण निव्वळ दैवयोगाने एकाच क्षणी येण्याची शक्यताही असते, आणि या दुसऱ्या प्रकारालाच मूळ संज्ञेत 'ॲक्सिडेंटल' हे विशेषण लागते. समजा, दोन गणित्रे सेकंदाला प्रत्येकी १० वेळा वाजतात आणि मंडल एक सहस्रांश सेकंदाच्या आतले स्पंद एकत्र आल्याचे मानते. तर अशा फसव्या नोंदी मिनिटाला सुमारे १२ होतील. तिसरे गणित्र जोडले की त्या तासाला सुमारे ११ वर येतात. म्हणून 'योगायोग' हा शब्द आपल्याला याच फसव्या नोंदींसाठी राखून ठेवावा लागतो. मी 'संपात मंडल' आणि 'योगायोगी संपात' असे दोन शब्द सुचवीन.

शंका : खगोलशास्त्रात वसंत संपात आहे आणि शालेय भूमितीत एकसंपाती रेषा व संपात बिंदू आहेत. तेथे एका ठिकाणी मिळणे अभिप्रेत आहे, एका वेळी घडणे नव्हे. 'एकसमयी मंडल' अधिक स्पष्ट होणार नाही का?

उत्तर : आक्षेप बिनतोड आहे. सामान्य वाचकासाठीच्या लेखात मीही पहिल्या उल्लेखात 'एकाच वेळी येणारे स्पंद ओळखणारे मंडल' असे उलगडून लिहीन आणि पुढे 'संपात मंडल' वापरीन. 'एकसमयी' केवळ वेळ सांगतो, तर संपातात (सम् + पत्) एकत्र येऊन पडणे आहे, आणि मूळ लॅटिन शब्दाची घडणही तशीच आहे. शिवाय 'तिहेरी संपात', 'संपात मोजणी' असे सामासिक शब्द त्यातून सहज बनतात. 'तिहेरी एकसमयता' मात्र जिभेला जड जाते.

खरा संपात आणि योगायोगी संपात हा भेद प्रत्यक्ष संशोधनात किती महत्त्वाचा ठरला, हे रॉस्सींच्या १९३३ मधील पूर्व आफ्रिकेतील एरिट्रिया मोहिमेवरून दिसते. विश्वकिरण पूर्वेपेक्षा पश्चिमेकडून अधिक येतात, म्हणजे (पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र भारित कणांना वळवत असल्याने) त्यांतील बहुसंख्य कण धनभारित आहेत, हे त्यांनी अस्मारानजीकच्या उंच पठारावर दाखवले. तेथेच योगायोगी संपात किती होतात हे तपासताना, एकमेकांपासून दूर ठेवलेली गणित्रेही अपेक्षेपेक्षा अधिक वेळा एकदम वाजत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. वातावरणातून एकाच वेळी कणांचा मोठा थवा खाली येत असावा, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. पुढे याच घटनेचा सविस्तर अभ्यास झाला आणि आज आपण तिला विस्तृत वायुवर्षाव म्हणतो. अनुवादात दोन्हींसाठी 'योगायोग' वापरला, तर हा परिच्छेदच वाचकाला उमगणार नाही.

इटलीतील १९३८ च्या ज्यूविरोधी वंशभेदी कायद्यांमुळे पादुआ येथील प्राध्यापकपद गमावून रॉस्सी अखेर अमेरिकेत गेले. तो भाग आपल्या लेखात असेलच. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण हवे असल्यास, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी व ब्रिटिश शास्त्रज्ञांसह कोलार सोन्याच्या खाणीत १९६५ मध्ये केलेल्या न्यूट्रिनो प्रयोगाचे द्यावे. तेथेही उपकरणाच्या दोन्ही बाजूंच्या प्रस्फुरकांत (कण गेला की प्रकाशाची चमक देणाऱ्या पदार्थांत) संपात झाला, तरच घटना नोंदली जात असे.