मदत हवी आहे: अपसामान्य मानसशास्त्र वाचताना सगळं स्वतःतच दिसतंय

नमस्कार. या सत्रात अपसामान्य मानसशास्त्र (मानसिक विकारांचा अभ्यास) घेतलंय. विषय मनापासून आवडतो, पण नैराश्याचं प्रकरण वाचल्यापासून झोप उडाली आहे. डीएसएम-५ (मानसिक विकारांच्या निदानाची पुस्तिका) प्रमाणे ९ पैकी किमान ५ लक्षणं, तीही २ आठवडे हवीत, हे पाठ आहे. तरी रात्री स्वतःत दिसणाऱ्या प्रत्येक लक्षणासमोर समासात पेन्सिलीने टिंबं देत बसते. काल ७ झाली.

त्याहून अवघड आईचं. सततच्या चिंतेच्या विकृतीला ६ महिन्यांची अट आहे. मला तिची कित्येक वर्षं आठवली. वर्गात उदाहरण विचारलं तेव्हा तोंडून शब्दच फुटेना.

हा पेपर दिलेल्यांनी अभ्यास आणि घर वेगळं कसं ठेवलं? समुपदेशकाकडे कोणी गेलं होतं का? आईशी आत्ताच बोलू, की आधी मॅडमना विचारू?