तिसऱ्या धुण्यानंतर काय उरलं?

आपलं घरगुती रंगकाम, विणकाम, कताईचं मंडळ रविवारी गच्चीवर जमलं की प्रत्येकीच्या पिशवीतून ताजा रंग बाहेर पडतो. ‘अय्या, कसला सुंदर!’ होतं, चहा होतो, माणसं घरी जातात. महिन्याने त्या ओढणीचं काय झालं, ते कुणी बोलत नाही. म्हणून या वेळी अट एकच: जे रंगवलंत, विणलंत, कातलंत, त्याची तीन धुण्यांनंतरची हकीकत लिहा. कापडाचं वजन किती, पाणी कुठलं, तेही. फसलेलं आधी.

सुरुवात माझीच, मग तुमची पत्रं. कोपऱ्यावरच्या खाणावळीतून महिनाभर कांद्याची सालं आणली. २०० ग्रॅम सुती कापड, तेवढीच सालं. घाई होती म्हणून हिरडा वगळला, नुसती तुरटी लावली. पातेल्यातून निघालं तेव्हा तांबूस सोनेरी, आणि तिसऱ्या धुण्याला पाणी घातलेल्या ताकासारखं. सुताला नुसती तुरटी नीट धरत नाही, आधी तुरट काहीतरी त्याच्या पोटात जावं लागतं. दुसऱ्या खेपेला ४० ग्रॅम हिरडापूड, मग ३० ग्रॅम तुरटी. तो रंग अजून आहे. (अर्धा किलो हिरडा मागितल्यावर काष्ठौषधीवाल्याने ज्या सहानुभूतीने पाहिलं, ते विसरणार नाही.)

कोथरूडहून

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सोसायटीतली सगळी तोरणं, गाड्यांचे हार गोळा केले. सासूबाई म्हणाल्या, “नदीत टाकण्यापेक्षा बरं, पण पातेलं माझं नको.” बरोबरच आहे, रंगाचं भांडं पुन्हा स्वयंपाकात घेऊच नये. पहिल्या वेळी देठासकट फुलं उकळली, सगळं मळखाऊ निघालं. नंतर नुसत्या पाकळ्या घेतल्या. रेशमाच्या तुकड्यावर असा पिवळा आला की ट्यूबलाइट लावायला नको. सुतावर जरा दबकून. तीन धुणी झाली, दोन्ही टिकले.

हडपसरहून

हळद. कुर्ता. साबण लागला तिथे लालभडक डाग. हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे जन्मभर माहीत, तरी धुताना डोक्यात आलं नाही. लिंबू पिळल्यावर परत पिवळा झाला. मग दोरीवर वाळत घातला आणि उन्हाने चार दिवसांत उरलासुरला रंग खाल्ला. तिसऱ्या धुण्यापर्यंत प्रकरण गेलंच नाही.

पर्वतीच्या पायथ्याहून

गंजके खिळे, गूळ आणि पाणी, डब्यात दोन आठवडे. वास असा की सोसायटीचे सचिव ड्रेनेज तपासायला वर आले. पण हिरड्यातून काढून वाळवलेल्या कापडावर त्या पाण्याचा ब्रश टेकवला आणि डोळ्यांदेखत काळी रेघ उमटली, शाईसारखी. मी हावरटासारखी जाड भरली. तिसऱ्या धुण्यात रंग राहिला, कापड गेलं. रेघांवरून विरून भोकं पडली. लोखंड जास्त झालं की सूत खातं. आता पाणी पातळ करून वापरते.

धायरीहून

माझी हकीकत लांबेल, निळीची म्हणजे इंडिगोची आहे.

निळीला तुरटी लागत नाही, हिरडा लागत नाही, पण ती पाण्यात विरघळतही नाही, हीच पंचाईत. पाण्यातला प्राणवायू काढून तिला आधी विरघळणारं रूप द्यावं लागतं. त्यासाठी प्रमाण १-२-३: ५० ग्रॅम नीळ, १०० ग्रॅम विरवलेला चुना, १५० ग्रॅम फ्रुक्टोज (फळसाखर). गरम पाण्यात कालवून झाकून ठेवलं. तासाभराने झाकण काढलं तर वर तांब्यासारखी साय, मधे निळा फेस आणि काठीने बाजूला सारलं की खाली पिवळसर, गोमूत्रासारखं पाणी. निळा रंग पिवळ्या पाण्यात असतो यावर माझ्या मुलाचा अजून विश्वास नाही.

रुमाल हळूच बुडवला, बुडबुडा न करता. वर काढला तेव्हा पोपटी. हवा लागली आणि कडेकडेने हिरवा, मग निळा चढत आत गेला. मिनिटभराचा खेळ, पण शेजारच्या काकू हातातली भाजी निवडायची थांबल्या.

इथवर छान. मग मी शहाणपणा केला. गडद हवा म्हणून दुपट्टा एकदाच अर्धा तास ठेवला. पहिल्या धुण्याला बादली निळी, दुसऱ्याला निळी, तिसऱ्याला माझी पांढरी सलवारसुद्धा निळी. थोडा थोडा वेळ, पाच-सहा बुडव्या आणि दर वेळी मधे हवा, असं हवं होतं. शेवटी व्हिनेगरच्या पाण्यातून काढायचं, म्हणजे चुना मरतो.

डिसेंबरात पिंपच रुसलं. पाणी निळंशार झालं, म्हणजे आत हवा गेली आणि गारठ्याने काम थांबलं. पिंप गरम पाण्याच्या टबात बसवून दोन चमचे फ्रुक्टोज दिलं. संध्याकाळी परत पिवळं.

वाघोलीहून

ताई, पाण्याचं विचारलंत म्हणून सांगते. मी आणि माझी सदाशिव पेठेतली बहीण, दोघींनी एकाच पुड्यातली मंजिष्ठा (लाल रंग देणारी मुळी) आणि एकाच ताग्यातलं कापड घेतलं. तिच्याकडे नळाचं पाणी, माझ्याकडे टँकरचं, ज्याने बादलीला पांढरे थर बसतात. तिचा रंग विटकरी, माझा चांगला लाल. मंजिष्ठेला पाण्यातला चुना मानवतो. टँकरचं कौतुक करायची आयुष्यातली ही एकमेव वेळ. फक्त उकळी आणू नका. ७० अंशांच्या वर गेलं की तपकिरी झाक येते, हे दुसऱ्या पातेल्याने शिकवलं.

नारायण पेठेतून

मी मंडळातला एकटा काका, रंगवत नाही, काततो. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात ज्याच्यावर काम केलं, तो घडीचा पेटीचरखा माझ्याकडे आहे आणि त्यावर पेळू (पिंजलेल्या कापसाच्या वळ्या) छान चालतात. हुरूप आला म्हणून दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणाऱ्या धनगरांकडून काळी लोकर आणली. दख्खनी मेंढीची, राठ. ती चरख्यावर नाही, चातीवरच (हाताने फिरवायच्या टकळीवरच) बरी. पण त्याआधी धुवायची होती. रिठ्याच्या गरम पाण्यात टाकली, चोळली आणि तशीच गार नळाखाली धरली. लोकर राहिली नाही, घट्ट गोळा होऊन बुरणूस झाला. तिसरं धुणं कशाला, पहिल्यातच निकाल. सध्या त्यावर मांजर झोपतं.

दुसरी खेप नुसती भिजवून काढली, पिळली नाही. तीस ग्रॅम सूत निघालंय. घोंगडीला चिंचोक्याची खळ का देतात, ते हातात घेतल्यावर कळतं: त्याशिवाय हे केस ऐकतच नाहीत.

बिबवेवाडीहून

मला फक्त क्रोशा येतो. रुखवताची तोरणं केली तेवढीच. धायरीच्या ताईंनी निळीतलं सूत दिलं, त्याची मुक्या खांबांची (क्रोशाच्या घट्ट, आखूड टाक्यांची) बटव्याएवढी पिशवी विणली. विणताना बोटं निळी, मोबाइल निळा, चहाच्या कपाचा कान निळा. नातीने ती पळवली आणि त्यात सारसबागेतले खडे भरून आणले. दोन धुणी झालीत. दुसऱ्याचं पाणी पहिल्यापेक्षा फिकं होतं. तिसरं झालं की लिहिते.