पाच जणांच्या घरात एकच स्ट्रॅटेजी गेम घ्यायचा तर कुठला? (व्यापार सोडून!)

कढीपत्ता

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत घरात सगळे असतात आणि सगळे आपापल्या मोबाईलमध्ये असतात, तर यंदा एक चांगला बोर्डगेम घ्यायचा ठरवलंय. आम्ही पाच जण. मी, नवरा, मुलगा 13, मुलगी 8 आणि सासूबाई 71. बजेट तीन-चार हजार, आणि ते एकदाच, म्हणजे आणला आणि माळ्यावर गेला असं झालं तर मला घरात जन्मभर ऐकावं लागेल. नवऱ्याचं म्हणणं व्यापार आणा, लहानपणी मजा यायची. मला ती मजा आठवत नाही, मला फक्त तीन तास चाललेला आणि शेवटी नोटा फेकून संपलेला डाव आठवतो. मुलाला युट्यूब बघून कटान पाहिजे. सासूबाईंना मेंढीकोट सोडून काही नको, पण मेंढीकोट चौघांचं, त्यामुळे पाचवा कायम लिंबूटिंबू, आणि ती पाचवी बहुतेक वेळा मीच असते कारण चहा कोणीतरी टाकायचा असतो.

तर सांगा.

षटकोन

डोळे झाकून कटान घ्या. मुलगा शहाणा आहे. 1995 मध्ये क्लाउस टॉयबर नावाच्या जर्मन माणसाने बनवला, तो दात बनवण्याच्या कामातला माणूस होता, फावल्या वेळात घरच्यांवर प्रयोग करत हे तयार केलं, आणि आजही लोक तोच खेळतायत. बेट असतं, 19 षटकोन, त्यांवर आकडे, तो आकडा फाशांवर पडला की तिथल्या वस्तीला लाकूड वीट लोकर गहू खनिज यांची पानं मिळतात, रस्ते वस्त्या बांधायच्या, आधी 10 गुण करेल तो जिंकला. पण खरी गंमत बांधण्यात नाही, देवाणघेवाणीत आहे. दुसऱ्याची पाळी असताना पण तुम्ही गुंतलेले असता, "मला एक वीट दे, दोन मेंढ्या घे", "दोन नाही, तीन". जी बाई भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट मिळवते ती कटानमध्ये हरूच शकत नाही, सासूबाईंना एकदा बसवून तर बघा. शिवाय पोराचं गणित पक्कं होतं. दोन फाशांवर 6 आणि 8 येण्याची शक्यता 36 पैकी 5-5, आणि 12 ची फक्त एक, हे माझ्या भाच्याला शाळेत नाही कळलं, कटानमध्ये 12 वर वस्ती बांधून उपाशी बसल्यावर कळलं.

रडीचा_डाव

षटकोन साहेब, प्रश्न वाचलात का? घरात माणसं पाच. कटानच्या डब्यात सोय तीन ते चार जणांची. पाचव्यासाठी वेगळा डबा घ्यावा लागतो, म्हणजे बजेट गेलं, आणि पाच जणांत तो डाव इतका लांबतो की आठ वर्षांची मुलगी मध्येच झोपते.

आणि ती देवाणघेवाण फार गोड वाटते ऐकायला. आमच्याकडे काय झालं सांगतो. बायकोने भावाला वीट दिली, मला दिली नाही. बस. जेवताना पण विषय तोच. वर 7 पडला की ती चोराची सोंगटी कोणाच्या जमिनीवर बसवायची आणि कोणाचं पान ओढायचं हे समोरच्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं असतं. हा खेळ नाही, हे वाटणीपत्र आहे. सुरुवातीला वस्ती चुकीच्या जागी बांधली की पुढचा तासभर नुसतं फासे बघत बसायचं, बाहेर पण पडता येत नाही. तुमचा भाचा उपाशी बसून गणित शिकला असेल, माझी मुलगी उपाशी बसून रडली.

षटकोन

भांडण खेळाने होत नाही, ते आधीपासून असतं, खेळ फक्त फासे पुरवतो 😄

पन्हाळा_पायथा

मी काय म्हणतो भावा, तीन-चार हजार घालून पुठ्ठा कशाला आणायचा. बुद्धिबळ आणा. लाकडी पट चांगला पाचशे-सातशेत येतोय, पिढ्यान्‌पिढ्या टिकतोय, नियम बदलत नाहीत. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं 2025 मध्ये महिलांचा वर्ल्डकप जिंकला ते काय पुठ्ठ्याच्या मेंढ्या विकून? स्ट्रॅटेजी पाहिजे म्हणता आणि फासे टाकता, ह्यात स्ट्रॅटेजी कुठाय? निम्मं नशीब. आणि पोरांनी हरायला शिकलं पाहिजे, आमचे आजोबा आम्हाला कधी मुद्दाम जिंकू द्यायचे नाहीत.

दुसरीतली_आई

बुद्धिबळ दोघांचं. बाकी तिघांनी काय करायचं, पंच व्हायचं?

आणि हे जे "नशीब म्हणजे वाईट" आहे ना ते मला पटत नाही. ज्या घरात 8 आणि 71 वय एकत्र बसणार तिथे थोडं नशीब पाहिजेच. माझी लेक बुद्धिबळात बाबाशी सलग अकरा डाव हरली आणि मग पटच नको म्हणाली. तिला हरणं शिकवायला नको होतं, ते तिला येतच होतं, तिला कधीतरी जिंकायची आशा पाहिजे होती. नशीब इतकंच असावं की लहान पोर दहात तीनदा जिंकेल, आणि डोकं इतकं लागावं की मोठ्याला झोप येणार नाही. व्यापारात नेमकं उलटं आहे, सगळं फाशांवर आणि हरणारा हळूहळू मरतो. गंमत म्हणजे तो ज्या मोनोपोलीवरून आला तिचं मूळ लिझी मॅगी नावाच्या बाईचं, 1904 चं पेटंट आहे, आणि तिला दाखवायचंच होतं की जमीनमालक बाकीच्यांना कसं नागवतात. म्हणजे कढीपत्ता ताईंना जो राग येतो तो अगदी बरोबर येतो, खेळ त्यासाठीच बनवला होता!

माझं मत कारकासोन. दोन ते पाच जण, 72 तुकडे, एक तुकडा उचला, नकाशाला जोडा, वाटलं तर आपला माणूस ठेवा. वाचायला एक अक्षर नाही, आजींना इंग्रजीचा त्रास नाही. तास पण लागत नाही.

नेकारकाठी

मी श्टुटगार्टजवळ राहते, इथे हा विषय म्हणजे आपल्याकडे लोणच्याचा असतो तसा आहे, प्रत्येकाला मत आहेच. जर्मनीत 1979 पासून दर वर्षी "श्पील देस यारेस" म्हणजे वर्षाचा खेळ असा पुरस्कार देतात. कटानला 1995 मध्ये मिळाला, कारकासोनला 2001, टिकिट टू राईडला 2004, अझुलला 2018. डब्यावर लाल रंगाचा छोटा माणूस छापलेला असतो. तो दिसला की घरच्यांसाठी. काळसर-राखाडी माणूस असेल तर तो जाणकारांचा वेगळा पुरस्कार, 2011 पासून सुरू झाला, तो बघून घेऊ नका, नियमांचं पुस्तक वाचतानाच दिवाळी संपेल. इथले शेजारी दुकानात दुसरं काही वाचत नाहीत, लाल माणूस बघतात आणि उचलतात.

कारकासोनबद्दल एक सांगते, पहिल्या चार-पाच डावांत शेतकरी अजिबात वापरू नका. तो शेतात आडवा ठेवायचा असतो आणि त्याचे गुण शेवटी मोजायचे असतात. माझ्या आईला दोन वेळा समजावलं, तिसऱ्यांदा ती म्हणाली "तो झोपलाय तर झोपू दे ना".

अझुल दिसायला सगळ्यात देखणा, पोर्तुगीज फरश्यांचा, पण चौघांचाच, त्यामुळे तुमच्या उपयोगाचा नाही.

सहकारी_तत्त्वावर

कोणीच सहकारी गेम सुचवला नाही म्हणून लिहितोय. सगळ्यांनी मिळून खेळाशी लढायचं, एकमेकांशी नाही. पँडेमिक घ्या, चार रोग पसरतायत, सगळे मिळून औषध शोधतायत. हरलो तर सगळे हरलो, रुसवेफुगवे नाहीत.

रडीचा_डाव

पँडेमिक पण चौघांचाच!! अरे पाच हा आकडा कोणाला दिसत का नाहीये.

आणि सहकारी खेळात काय होतं ते आमच्या सोसायटीच्या सहकारी संस्थेत रोज बघतो. एक जण ठरवतो, बाकीचे सह्या करतात. तेरा वर्षांचा मुलगा युट्यूब बघून आलेला असणार, तो आजीला सांगणार "तू इकडे जा, हे पान टाक", आजी सोंगटी हलवणार. आजी खेळली कुठे त्यात?

सहकारी_तत्त्वावर

पाचाचं चुकलं, मान्य. पण मग "द क्रू" बघा. हा पण सहकारी आहे, तीन ते पाच जण खेळतात, आणि यात बोलायलाच बंदी आहे, हातात काय आहे ते मोकळेपणाने सांगायचं नाही. त्यामुळे हुकूमशहा होताच येत नाही. आणि आता ऐका, हा खेळ मुळात पत्त्यांचा आहे, चार रंग, प्रत्येकी 1 ते 9, आलेल्या रंगाचं पान द्यायचं, मोठं पान हात नेणार, आणि रॉकेटची चार पानं म्हणजे सरळ हुकूम. मेंढीकोटवाल्या सासूबाईंना शिकवावं लागणार नाही, त्याच बाकीच्यांना शिकवतील. किंमत पण कमी.

षटकोन

यात बोर्ड कुठाय?

पन्हाळा_पायथा

बोर्ड नाही, फासे नाहीत, बोलायचं पण नाही. घरात लई शांतता होईल. पण सासूबाईंवरून विचार करायचा हे बरोबर बोलला गडी.

दुसरीतली_आई

तेच म्हणतेय मी मघापासून. सगळे आपल्याला काय आवडतं ते सांगतायत. घरात जो सगळ्यात कमी उत्साही आहे त्याला धरून खेळ निवडा, उत्साही माणूस काय, काहीही खेळतो. मुलगा नाराज झाला तरी टेबलावर येईल, आजी एकदा उठल्या की उठल्या.

षटकोन

हे मात्र मला मान्य नाही. सगळ्यात कमी उत्साही माणूस धरून निवडलंत की तेरा वर्षांचा मुलगा दोन डावांनी कंटाळणार, आणि त्याने सोडलं की डबा काढणार कोण? खेळ मांडणारा, नियम आठवणारा, "चला ना खेळूया" म्हणून मागे लागणारा घरात एकच असतो. तो मेला की खेळ मेला.

कढीपत्ता

बापरे, किती लिहिलंत. षटकोन, तुमचा शेवटचा मुद्दा मला लागला, कारण आमच्याकडे डबा काढणारा तोच आहे, मान्य.

जाता जाता एक, ऑनलाईन अर्ध्या किमतीत मिळतोय म्हणून मागच्या वर्षी एक गेम मागवला होता तो नकली निघाला, पत्ते इतके पातळ की मागून आरपार दिसत होते. तेव्हा यंदा विकत घ्यायच्या आधी एकदा खेळून बघायचं ठरवलं होतं. ऑफिसमधल्या एकाने टिकिट टू राईड दिलाय रविवारपुरता. कोणी सुचवला नव्हता, पण दोन ते पाच जण लिहिलंय आणि वर लाल माणूस आहे. बघू.

रडीचा_डाव

उत्तम निवड. मी तोच लिहिणार होतो पण भांडण्यात राहिलं.

कढीपत्ता

रविवारचा वृत्तांत. नियम समजायला वीस मिनिटं. रंगीत पानं जमवायची आणि नकाशावर आपले आगगाडीचे छोटे डबे मांडायचे, प्रत्येकाला 45 डबे. हातात तिकिटं असतात, या गावापासून त्या गावापर्यंत जोडा, जोडलं तर गुण, नाही जोडलं तर तेवढेच वजा. गावं अमेरिकेतली आणि इंग्रजीत, सासूबाईंना ते वाचायला वेळ लागतो, पण तिकिटावर छोटा नकाशा असतो, कुठलं टोक कुठे ते त्यावरून कळतं. त्यांनी गावांना स्वतःची नावं दिली. डलूथला "ते वरचं", मायामीला "शेपटी".

मुलाकडे सॅन फ्रान्सिस्को ते अटलांटा, 17 गुणांचं. पठ्ठ्याने सगळी लाईन नॅशव्हिलपर्यंत आणली, शेवटचा एकच डबा राहिला. नॅशव्हिल-अटलांटा. एका डब्याची जागा, राखाडी, कुठलाही रंग चालतो. सासूबाईंकडे त्या बाजूचं तिकीटच नव्हतं. त्यांनी चष्मा वर केला, त्याच्याकडे बघितलं, आणि तिथे आपला डबा ठेवला.

दुसऱ्या वाटेने जायला त्याच्याकडे डबे उरले नव्हते. वजा 17. मुलगी जिंकली, तिला अजून कळलेलं नाही कशी.

मुलगा चिडून म्हणाला आजी तुला तिथे जायचं पण नव्हतं. तर म्हणे, "मेंढीकोटात दश्शी धरायची असते ती काय आपल्याला पाहिजे असते म्हणून धरतात का?"

षटकोन

सासूबाईंना कटान शिकवाच. त्या चोर फार सुंदर बसवतील.

कढीपत्ता

मुलगा पण तेच म्हणतोय. पण आधी त्याला परतफेड करायचीय, खेळ बुधवारपर्यंत ठेवून घ्यायला सांगितलाय. नवरा विचारतोय भारताचा नकाशा मिळतो का?

नेकारकाठी

मिळतो, एका बाजूला भारत आणि दुसऱ्या बाजूला स्वित्झर्लंड असा आहे. पण त्यात नुसता नकाशा आणि तिकिटं, डबे मूळ खेळातलेच वापरावे लागतात. आणि घ्यायच्या आधी खेळाडू किती लिहिलेत ते बघून घ्या, नाहीतर परत चहा तुमच्याकडेच.