लॅपटॉप अर्ध्यातच अडकलाय, कुणाला कळतं का (सोसायटी ग्रुप, लातूर)

बी-२०४: ग्रुपवर लॅपटॉपमधलं कुणाला कळतं का हो? आमचा जुना लई स्लो झालता म्हणून भाच्यानं काल नवीन विंडोज टाकायला घेतलं, निम्मं झालं आन लाईट गेली, बॅटरी तर कवाच मेलेली, वायरवरच चालतो तो. आता चालू केला की काळी स्क्रीन आन नो बूटेबल डिव्हाइस म्हणायलंय. पोरीच्या बारशाचे सगळे फोटो त्यातच हायत 😟

सी-१०१: भंगारात द्या की काका, नवा घ्या आता

ए-३०२: काका यांचं ऐकू नका 😀 भाच्यानं फॉरमॅट दाबलं का तेवढं विचारा आधी

बी-२०४: नाही म्हणायलाय, नुसतं नेक्स्ट नेक्स्ट करत गेला म्हणे

ए-३०२: मग फोटो असणारच. जुन्या जागी नसले तर विंडोज डॉट ओल्ड फोल्डरात सापडतील. फक्त आता परत इन्स्टॉल मारायला लावू नका, नवीन लिहिलं की जुन्यावरच लिहिलं जातं, मग कुणी काढून देत नाही

बी-२०४: दुकानवाला १५०० म्हणला, वरून डाटाची गॅरंटी नाही

ए-३०२: राहू द्या त्याला. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह पाठवा, लिनक्स मिंट टाकून देतो, विंडोजसारखीच फुकटची सिस्टिम हाय ती. त्यावरून लॅपटॉप चालू करायचा, इन्स्टॉलला हात लावायचा नाही. ते पेनड्राइव्ह आन रॅमवरच चालतं, हार्डडिस्कमधलं काही बदलत नाही, फायली दिसल्या की दुसरीकडं कॉपी करायच्या. डेल असंल तर चालू करताना एफ१२, एचपी असंल तर एस्केप आन मग एफ९

बी-३०६: टँकर आला का कुणी बघितला का

ए-१०३: गेटवर उभाय मॅडम, वॉचमन नाही जागेवर

बी-२०४: एचपी हाय. पेनड्राइव्ह दिसला दिसला!! पण तारीख २०१२ ची दाखवायलंय, असं का

ए-३०२: हां मग घोळ तिथंच असंल. आतला बटणासारखा सेल संपलाय, सीआर २०३२, घड्याळवाल्याकडं पण मिळतो, काही लॅपटॉपात वायर जोडलेला येतो तेवढं बघून घ्या. सेल मेला आन लाईट गेली की बायोसच्या, म्हणजे लॅपटॉप चालू होतानाच्या सेटिंग मूळपदावर जातात, लेगसीचं (चालू व्हायची जुनी पद्धत) यूईएफआय (नवी पद्धत) होतं आन चांगल्या डिस्कवरून पण विंडोज चालू होईना होतं. फोटो काढून झाले की बायोसमध्ये परत लेगसी करून बघा

बी-२०४: फोटो निघाले सगळे 🙏🙏 बायको लई खूश. लेगसी केलं तर आता म्हणतंय कॉम्प्युटर अचानक रीस्टार्ट झाला, इन्स्टॉल पुढं जाणार नाही, ओके दाबलं की परत तेच

ए-३०२: म्हणजे डिस्क सापडली, अर्धवट विंडोज तेवढं अडकलंय. ते आता पुसलं तरी चालतंय. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आन विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागती, एवढ्या जुन्यात बहुतेक नसती. रॅम ४ जीबी असंल तर मिंटच कायमचं टाका, त्यातलं एक्सएफसीई नावाचं, हलकं असतंय

सी-१०१: त्यात एक्सेल चालतंय का? काकाचा सोयाबीनचा हिशोब असतो

ए-३०२: मिंटातल्या लिब्रे ऑफिसमध्ये एक्सेलच्या फायली उघडतात, मॅक्रो असले तर मात्र कटकट

बी-२०४: मॅक्रो काय असतंय? बेरीज तेवढी होऊ द्या. रविवारी या घरी, चहाला, सेल आणून ठेवतो