लस, छातीतली धडधड आणि कोरा पडलेला ईसीजी

जॉबर_एमआयडीसी
मुद्दा सरळ मांडतो. वय ४१, सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, माग दुरुस्त करतो. ऑगस्ट २०२१ मध्ये कोविशील्डचा दुसरा डोस घेतला. तिसऱ्या रात्री आडवा झालो तर छातीत माग चालू झाल्यासारखं. नाडी मोजली, ११८. एका खासगी दवाखान्यात ईसीजी काढला, "नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका" म्हणून पित्ताची गोळी दिली. लशीचं नाव काढलं तर डॉक्टरांनी मान वर केली नाही. तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी धडधड होतेच. आणि गेल्या आठवड्यात शेजारच्या खात्यातला ३२ वर्षांचा पोरगा जेवणाच्या सुट्टीत बसल्या जागी गेला. बायको म्हणते, तुमचंही तेच. लशीमुळे काही होत नाही असं छातीठोक सांगणाऱ्यांनी आमची छाती कधी तपासली?

विजापूर_रोड
बरोबर आहे बे. कोविशील्ड मुळात ज्यांची, त्या ॲस्ट्राझेनेका कंपनीनेच ब्रिटनच्या कोर्टात लिहून दिलंय की दुष्परिणाम होऊ शकतो. २०२४ ला सगळ्या पेपरात आलं होतं. अजून काय पुरावा पाहिजे? आमच्या गल्लीत दोन वर्षांत तीन पोरं गेली. आधी असं होतं का?

निवृत्त_सिस्टर
दादा, २०२१ च्या उन्हाळ्यापासून मी स्वतः लस टोचायला बसलेली आहे, म्हणून बोलते. कोर्टात कबूल केलं ते टीटीएस. रक्तात गुठळी होते आणि त्याच वेळी प्लेटलेट कमी होतात. फार क्वचित होतं, पण झालं तर डोसनंतरच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत होतं. चार वर्षं अधूनमधून धडधडणं म्हणजे टीटीएस नाही.

हृदयाच्या स्नायूला सूज येते ती मायोकार्डायटिस. तिचा संबंध मुख्यतः फायझर आणि मॉडर्नाच्या एमआरएनए लशींशी दिसला, तोही जास्त करून तरुण मुलांत, दुसऱ्या डोसनंतर आठवड्याभरात. त्या दोन लशी आपल्या मोहिमेत नव्हत्याच. सोलापुरात दिली ती कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन. परदेशातला व्हिडिओ बघून इथल्या दंडावरच्या सुईला नाव ठेवायचं, हे मला पटत नाही.

आणि अचानक मेलेल्या तरुणांवर आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, अभ्यास केलाय, २०२३ ला आला. १८ ते ४५ वयाचे, ७२९ मृत्यू. दोन डोस घेतलेल्यांत अशा मृत्यूची शक्यता उलट कमी दिसली. जास्त कुठे दिसली? घराण्यात असा मृत्यू झालेला, कोविडने दवाखान्यात राहिलेला, आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू किंवा अति श्रम. त्या पोराचं यातलं काही होतं का, ते त्याच्या घरच्यांनाच माहीत. आपण पंचनामा करू नये.

विजापूर_रोड
सरकारी अभ्यास सरकारी लशीला वाईट म्हणणार आहे का?

साखरपेठ_वकील
तसं म्हणून चालणार नाही, अभ्यास वाचून बोला. पण सिस्टर, तुमच्याही युक्तिवादात भोक आहे. तो अभ्यास मृत्यूंचा. धडधड होऊन जगत असलेला माणूस त्यात कुठे बसतो? ७२९ मध्ये यायला आधी मरावं लागतं. याची तक्रार डॉक्टरांनी लसीकरणानंतरच्या त्रासात नोंदवायला हवी होती. नोंदवलीच नाही. मग "त्रास नगण्य" हे कुठल्या वहीवरून म्हणायचं?

निवृत्त_सिस्टर
हे मात्र खरं आहे. आम्ही अर्धा तास खुर्चीवर बसवून ठेवायचो. त्या अर्ध्या तासात चक्कर आली, पुरळ उठलं, तर लिहिलं जायचं. तिसऱ्या रात्रीचं कोण लिहिणार? बाहेर रांग गेटपर्यंत असायची. बऱ्याच जणांना पुढे काही झालं तर कुणाला कळवायचं हेही सांगायचं राहून गेलं. तो दोष आमच्याकडे. पण वहीत नोंद नाही म्हणून लस दोषी, हा न्याय कुठल्या कोर्टातला, वकीलसाहेब?

जॉबरदादा, तुमचं काय ते सांगा. लशीच्या आधी कोविड झाला होता का? त्यानेही हृदयाचे ठोके बिघडतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन बघितलं का? चहा किती? तंबाखूचा मावा? आणि धडधड थांबल्यावर काढलेला ईसीजी बऱ्याचदा नॉर्मल येतो. चालू असताना पट्टी निघाली पाहिजे. धडधडीत छातीत दुखलं, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर मात्र वाट बघू नका, सरळ सिव्हिल गाठा.

जॉबर_एमआयडीसी
कोविड एप्रिल २०२१ ला झाला होता, घरीच होतो. मावा आहे. दिवसाला चार. चहाचा हिशोब नाही, खात्यात किटली फिरतच असते.

काल जुना ईसीजी शोधला. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवला होता, लशीच्या सर्टिफिकेटसोबत. बाहेर काढला तर पट्टी पिवळट, वरची रेघ उडून गेलेली. फक्त पेनाने लिहिलेलं माझं नाव आणि तारीख शिल्लक. याच्यावर आता काय भांडणार?

साखरपेठ_वकील
तो थर्मल कागद असतो, उडतोच. त्याच दिवशी झेरॉक्स मारायची होती मालक.

विजापूर_रोड
बघा, पुरावापण गायब!

निवृत्त_सिस्टर
अहो, पेट्रोल पंपाची पावतीसुद्धा उडते.

जॉबर_एमआयडीसी
आज दुपारी २४ तासांचं होल्टर, म्हणजे दिवसभर ईसीजी टिपणारं यंत्र, लावून घेतलं. छातीवर पाच ठिकाणी चिकटपट्ट्या, कमरेला डबी. मालक विचारत होते, मोबाइल नवीन का? डॉक्टरांनी वही दिलीय, धडधडलं की वेळ लिहायची. लशीची तारीख, कोविडचा महिना पहिल्या पानावर मीच लिहिलाय, त्यांनी विचारलं नाही तरी. आतापर्यंत एकदाच झालं, ७:४०. मावा थुंकून आलो होतो. तेपण लिहिलंय.