सुतार म्हणजे फक्त दारं-खिडक्या?

जुने सुतार दारं-खिडक्यांपुरतेच होते, असं कुणी कुणी म्हणतं. खान्देशात तरी तसं नव्हतं. आमचे आजोबा, आप्पा, चोपड्याकडचे. त्यांचं खरं काम बैलगाडी आणि वखर, तिफण अशी शेतीची अवजारं. मोबदला बराचसा खळ्यावरच्या दादर ज्वारीत. साग दारांना ठीक, चाकाला मात्र बाभूळच हवी. लोहार लोखंडी धाव, म्हणजे चाकाभोवतीची पट्टी, गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद करून चाकावर चढवायचा, पाणी ओतलं की ती आकसून सगळे आरे (चाकातल्या दांड्या) गच्च आवळायची. तेव्हा आप्पा कुणाला जवळ फिरकू देत नसत, आजीलासुद्धा! घरातही तोच वचक. सुनांसाठी पोळपाट मात्र स्वतः घडवले. पुढे टायरच्या गाड्या आल्या, चाकांचं काम आटलं. मग शाळेचे बाक दुरुस्त करत राहिले, कुरकुरत का होईना.