अधिवेशनात आमच्या गावचा प्रश्न आला, उत्तर आलं ‘बंदिदे’. आता पुढं काय?

शिवारातला

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातलं सीमेलगतचं गाव आहे आमचं, नाव टाकत नाही कारण अर्धा तालुका इथं वाचतोय. वर्षभर झालं शिवारातल्या पंपसेटच्या केबली चोरायलेत. रात्री येतात, मोटारीपासून स्टार्टरपर्यंतची केबल कापतात, तिथंच ओढ्यात वरचं रबर जाळतात आणि तांबं घेऊन जातात, सकाळी गेलं की काळी राख आणि कापलेलं टोक तेवढं दिसतंय. माझी दोनदा गेली, शेजारच्या काकांची तीनदा. पोलिसांकडं गेलो तर कागद घेतला, शिक्का मारून प्रत काय दिली नाही, बघतो म्हणाले. ठाणं लांब, गावात औटपोस्ट (पोलिस चौकी) द्या म्हणून मागायलोय कधीचं.

शेवटी आमदारांना भेटलो, त्यांनी बेळगावात भरलेल्या कर्नाटक विधानसभेच्या डिसेंबरच्या अधिवेशनात प्रश्न टाकला. आता उत्तराची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आलीय, सगळी कन्नडात. मला बाजारापुरतं कन्नड येतंय, पण सरकारी कन्नड डोक्यावरनं जातंय. पोरानं वाचून दाखवलं. चोऱ्या सरकारच्या लक्षात आल्यात का, ह्याच्यापुढं "बंदिदे". औटपोस्ट देणार का, तर "परिशीलिसलागुवुदु". रस्त्यावरचे दिवे आणि कॅमेरे कधी, तर "उद्भविसुवुदिल्ल". एवढ्यावर कार्यकर्ते स्टेटस ठेवायलेत की साहेबांनी काम केलं! झालं का खरंच? मंत्री सभागृहात सांगतोय म्हणजे करावंच लागतं का?

निवृत्त_कारकून

काम झालेलं नाही, पण कागद वाया पण गेलेला नाही. टाकू नका.

"बंदिदे" म्हणजे लक्षात आलंय, म्हणजे चोऱ्या होतात हे सरकारनं लेखी मान्य केलं, उद्या कोण म्हणाला की तुमच्या भागात असलं काही घडतच नाही तर हाच कागद पुढं करायचा. "परिशीलिसलागुवुदु" म्हणजे तपासून बघू. "उद्भविसुवुदिल्ल" म्हणजे प्रश्नच उद्भवत नाही, आणि ते तसं का आलं सांगतो, प्रश्न करणाऱ्यानं दोन खात्यांची खिचडी केलीय. पोलिस गृहखात्याकडं, गावातले दिवे ग्रामपंचायतीचं काम, म्हणजे ग्रामीण विकास आणि पंचायत राज खातं. गृहमंत्री दुसऱ्याच्या खात्याचं कशाला अंगावर घेतील. दिव्यांचा प्रश्न वेगळा टाकायला पाहिजे होता.

आणि एक बघा, तुमचा प्रश्न चुक्के गुरुतिन होता की चुक्के रहित? म्हणजे तारांकित की अतारांकित. तारांकित असला तर मंत्री उभा राहून उत्तर देतो आणि आमदाराला उपप्रश्न विचारता येतो, अतारांकितला नुसता लेखी कागद, बोलणं नाही. पीडीएफच्या वरच लिहिलेलं असतंय.

हालगा_रोड

काका बरोबर बोलायलेत. मी एकदा पास काढून गॅलरीत बसलो होतो, मोबाईल बाहेरच ठेवायला लावतात. माझी अपेक्षा होती की मोठी जुगलबंदी होणार, कसलं काय. सभाध्यक्ष प्रश्नाचा नंबर पुकारतात, मंत्री उठून "उत्तरवन्नु वदगिसिदे" म्हणतात, म्हणजे उत्तर दिलेलंय (छापील कागद आधीच आमदाराच्या हातात असतो), आणि खरी गंमत त्याच्यानंतर. आमदार तयारी करून आलेला असला तर उपप्रश्नात मंत्र्याला घाम फुटतो, अधिकारी बसतात तिथनं चिठ्ठ्या सुटतात, मंत्री चिठ्ठी वाचत वाचत बोलतो. तयारी नसली तर आमदार अभिनंदन करून खाली बसतो 😄 माझ्या पुढच्या बाकावर शाळेची पोरं आणलेली, त्यातली निम्मी झोपलेली. तुमचा प्रश्न तारांकित असला तर आमदारांनी उपप्रश्न काय विचारला ते त्यांच्याच पीएला विचारा, तिथं कळतंय कोण किती पाण्यात आहे.

कुंदावाला

अधिवेशन असलं की हालग्याला, सुवर्ण सौधाच्या आसपास जिकडं बघावं तिकडं पोलिस, बाहेरच्या जिल्ह्यातनं गाड्या भरून येतात, पहिल्या दिवशी महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा म्हणून टिळकवाडीत जमावबंदी, कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातनं येणारे नेते अडवायला वेगळी फौज. आणि ह्यांच्या गावाला रात्री फिरायला एक शिपाई मिळत नाही. समितीचा एक तरी आमदार आत असता तर मराठीत ठणकावून विचारलं असतं, 2013 ला दोन होते, 2018 ला शून्य, 2023 ला पण शून्य. आपणच पाडले, आपसात भांडून.

निवृत्त_कारकून

कुंदावाला, ते सगळं खरं, पण ह्यांची केबल मराठी चोर नेतोय का कन्नड चोर हे कुणाला माहीत हो. तो विषय वेगळ्या धाग्यावर घ्या की.

त्यापेक्षा हे बघा की हा प्रश्न विधानसभेपर्यंत जायलाच नको होता. झेडपी मेंबर असता तर बैठकीत अधिकाऱ्याला समोर उभं करून विचारला असता. पण झेडपी आणि तालुका पंचायतीच्या निवडणुका 2016 ला झाल्या, मुदत 2021 ला संपली, तेव्हापासून मतदारसंघांची फेररचना आणि आरक्षण ह्यातच घोळ. घटनेचं 243 ई कलम सांगतंय पाच वर्षांपेक्षा जास्त चालवायचं नाही, मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या. म्हणून दिव्याच्या बल्बासाठी पण आमदार धरावा लागायलाय.

वकील_नाही_पण

शिवारातला भाऊ, तीन गोष्टी करा.

पहिलं चोरीचं. बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेला नवा कायदा) कलम 173 प्रमाणं एफआयआरची प्रत फुकट मिळायलाच पाहिजे. ठाण्यात नोंदवून घेत नसतील तर तीच तक्रार लेखी, पोस्टानं एसपींना पाठवा, तशी तरतूद त्याच कलमात आहे, पोस्टाची पावती जपून ठेवा. एकट्याची नको, पाच जणांच्या केबली गेल्या असतील तर पाच वेगळ्या तक्रारी, एकात गुंडाळल्या की आकडा एकच दिसतो आणि मग औटपोस्टची गरज कुठनं दिसणार.

दुसरं, "परिशीलिसलागुवुदु" चा पाठपुरावा. विधानसभेत सरकारी भरवसेगळ समिती म्हणून असते, मंत्र्यानं दिलेल्या आश्वासनाचं पुढं काय झालं ते बघायला. तपासून बघू ह्याला आश्वासन धरायचं की नाही ह्यावर तिथं घासाघीस होते, म्हणून आमदारांकडनं त्या समितीला पत्र द्यायला लावा. स्टेटस ठेवणाऱ्या कार्यकर्त्यांनाच लावा कामाला.

तिसरं, दोन-तीन महिन्यांनी आरटीआय, 10 रुपये फी. तपासणी कुणी केली, अहवाल कुठंय, फाईल कुठल्या टेबलावर आहे. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांच्या आत असा नियम आहे, त्यामुळं आजोबांच्या काळापासनचा इतिहास लिहू नका.

भाषेचं म्हणाल तर घटनेच्या 350 कलमाप्रमाणं गाऱ्हाणं मराठीतनं देता येतं. पण उत्तर मराठीत द्यायलाच पाहिजे असं त्यात नाही, आणि कारकुनाला कळलं नाही तर कागद पडून राहतो. मी तरी मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडून देतो. तत्त्वाचे लोक रागावतील, रागावू देत.

हालगा_रोड

आणि 2025 ला ते "मने मनेगे पोलिस" सुरू केलंय, बीटचा पोलिस घरोघरी येऊन भेटणार म्हणून. तुमच्या गावचा बीट कॉन्स्टेबल कोण ते ठाण्यात जाऊन विचारा, नंबर घ्या. आमच्याकडं तरी एक जण येऊन चहा पिऊन सही घेऊन गेला, पण नंबर मिळाला आणि तो उचलतो पण.

शिवारातला

सगळ्यांचे आभार. पीडीएफ परत उघडून बघितली, वरती "चुक्के रहित" आहे. म्हणजे आमदार सभागृहात ह्याच्यावर एक शब्द बोललेले नाहीत, आणि इकडं स्टेटसला सभागृहात हात वर केलेला फोटो! तो कुठल्या वर्षीचा आहे देव जाणे.

सोमवारी आम्ही सहा जण तक्रारी घेऊन चाललोय. कन्नड प्रत कुणी तपासून देईल का? पोरानं लिहिलीय, पण त्यानं "केबल कळवू" च्या जागी काहीतरी भलतंच लिहिलंय, शाळेतले मास्तर वाचून हसायलेत.

वकील_नाही_पण

"कळवु" म्हणजे चोरीच, ते बरोबर आहे. मेसेजमध्ये फोटो टाका, आज रात्री बघतो.